‘खास तुमच्यासाठी’ फॉन्ट, किंमत १२ हजार

गणपतीच्या तोंडावर घरगुती खाद्यपदार्थवाल्यांना वेबसाइट करून देणारे बरेच जण दादर-गिरगावात फिरत असतात. त्यातल्या एकाने आम्हाला कसं गंडवलं ते सविस्तर लिहिते, कारण तोच माणूस अजून कामं घेतोय.

आमचा गिरगावात फराळाचा आणि ऑर्डरप्रमाणे उकडीच्या मोदकांचा व्यवसाय. साइटचे पैसे वेगळे ठरले होते. त्यावर त्याने ‘एक्सक्लुझिव्ह मराठी फॉन्ट’ म्हणून १२,००० रुपये लावले, शिवाय दर वर्षी लायसन्सचे ३,०००. अक्षरं दाखवली तीही कोणी भुलावं अशीच: गुबगुबीत, गच्च भरलेली, मधल्या पोकळ्या जेमतेम रेघेएवढ्या. म्हणाला, “तुमच्या दुकानासाठीच बनवून घेतलाय ताई, दुसऱ्या कोणाकडे दिसणार नाही.”

साइट चालू झाली तेव्हा तो पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात आला आणि ‘मराठी सपोर्ट टाकतो’ म्हणत आमच्या कॉम्प्युटरवर काहीतरी इन्स्टॉल करून गेला. खरी मेख तिथे होती. त्याच्या लॅपटॉपवर साइट झकास, आमच्याकडेही झकास. बोरिवलीहून नणंदेचा फोन आला, “ते जाडजूड अक्षर कुठाय गं? माझ्याकडे सरकारी नोटिशीसारखं दिसतंय.” त्याला विचारलं तर म्हणे, त्यांच्या फोनचा प्रॉब्लेम असेल.

शेवटी भाच्याने क्रोममध्ये मथळ्यावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडलं. त्यात ‘कम्प्यूटेड’खाली अगदी तळाशी अक्षरं कुठल्या फॉन्टची आणि कुठून आली ते लिहिलेलं असतं. आमच्याकडे लिहिलं होतं ‘लोकल फाइल’. म्हणजे फॉन्ट साइटवरून येतच नव्हता, आमच्याच कॉम्प्युटरमधून उचलला जात होता! कोडमध्ये फॉन्टचं नुसतं नाव टाकलेलं. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला विंडोजवर मंगल नाहीतर निर्मला, आयफोनवर कोहिनूर, असा त्या यंत्रात आधीपासून जो फॉन्ट हाताशी असेल तो दिसणार.

पुढची गंमत त्याच ओळीत होती. पेन ड्राइव्हवरच्या फाइलला आमच्या दुकानाचं नाव होतं, पण फाइलचं नाव बदललं म्हणून फॉन्टचं आतलं नाव बदलत नाही. ते होतं ‘मोदक’. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेला, गूगल फॉन्ट्सवर कोणालाही फुकट मिळणारा फॉन्ट. तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. धंद्यासाठी वापरला तरी पैसे नाहीत, मुदत नाही, आणि नुसता फॉन्ट सुटा विकायला तर त्या लायसन्सनेच मनाई केली आहे. (मोदकवालीलाच मोदक विकला, हे मात्र मानलं.)

जाब विचारल्यावर त्याने तोडगा काय काढावा? ग्राहकांसाठी ‘फॉन्ट डाउनलोड करा’ असं बटण, वर आणखी पैसे घेऊन. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मराठी पेपर वाचायला असले उद्योग करावे लागत. आता चकल्यांचा भाव बघायला कोण फॉन्ट उतरवून घेईल? भाच्याने फॉन्टची डब्ल्यूओएफएफ२ (वेबसाइटसाठीची) फाइल साइटच्या सर्व्हरवरच ठेवली, फॉन्ट तिथून उचल असं ब्राउझरला सांगणाऱ्या ‘फॉन्ट-फेस’च्या चार ओळी कोडमध्ये घातल्या, आणि नणंदेच्या फोनवरही मोदक दिसू लागले. दरपत्रकात मात्र ती अक्षरं बारीक केली की लगदा होतो, म्हणून तिथे ‘मुक्ता’ घेतला. तोही एक टाइपचाच, तोही फुकट.

पैसे परत आलेले नाहीत. आमचा फोन तो उचलत नाही, पण ‘लायसन्स रिन्यू न केल्यास फॉन्ट बंद होईल’ हा मेसेज वेळेवर पाठवतो. तुमच्याकडे आला तर फॉन्टचं मूळ नाव आणि लायसन्स बिलावर लिहून मागा. फॉन्ट खरंच विकतचा असेल तर तो बनवणाऱ्या कंपनीची पावती तुमच्या नावावर हवी. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी साइट अशा एखाद्या फोनवर उघडा, ज्याला त्याने कधी हात लावलेला नाही.