बाबागाडीचं पुढचं चाक आणि स्ट्रासबुर्गचे दगड: सव्वा वर्षाच्या वापरानंतर

गाडीचं वजन, एका हातानं होणारी घडी, विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावणं, हे सगळं तुम्ही विकत घेण्याआधी वाचलेलं असणारच. मी लिहितेय ते पुढच्या चाकांबद्दल. सांगलीहून आलेल्या सासू-सासऱ्यांना घेऊन आम्ही फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग बघायला गेलो होतो. तिथे पेतित फ्रान्स या जुन्या वस्तीत, कातडी कमावणाऱ्यांच्या जुन्या लाकडी घरांसमोर, पुढचं डावं चाक कण्यातून निखळलं. लेक गाडीत गाढ झोपलेली. पुढचा अर्धा दिवस तिला आळीपाळीनं कडेवर घेऊन हिंडलो.

आम्ही जर्मनीत, कार्ल्सरूहला राहतो. इथल्या सपाट फुटपाथवर सुरुवातीचे महिने गाडी इतकी छान चालली, की दोन मैत्रिणींना मीच ती घ्यायला लावली. स्ट्रासबुर्गपर्यंतचा प्रवासही सोपा. महिन्याच्या जर्मन पासावर सीमेवरच्या केल या जर्मन गावापर्यंत लोकल, आणि तिथून ऱ्हाइनवरच्या पुलावरून 2017 पासून फ्रान्सची ट्राम थेट शहरात जाते. पूल ओलांडायचं तिकीट तेवढं वेगळं. ट्रामचा तळ खाली असल्यानं गाडी उचलावी लागत नाही.

खरा त्रास कॅथेड्रलपाशी सुरू होतो. तिथल्या दगडी फरसबंदीवर ही छोटी, कडक चाकं स्वतःभोवती फिरतात आणि फटीत आडवी अडकतात. चाकं लॉक केली की गाडी सरळ जाते, पण प्रत्येक धक्का थेट कण्यावर बसतो. गाडी मागे कलंडवून फक्त मागच्या चाकांवर ओढणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय.

कॅथेड्रलच्या गच्चीवर तीनशेहून जास्त पायऱ्या चढून जावं लागतं, तेव्हा एकानं पोरासोबत खाली थांबायचं हे घरूनच ठरवून निघा. 142 मीटरचा तो एकुलता मनोरा 1439 मध्ये पूर्ण झाला आणि पुढे दोनशेहून जास्त वर्षं जगातली सर्वांत उंच इमारत होता. आत खगोलीय घड्याळ आहे. त्याची आजची यंत्रणा श्विल्गे या घड्याळजींनी 1838 ते 1843 मध्ये बसवली. हे घड्याळ अर्धा तास मागे चालतं, त्यामुळे त्यातले दुपारचे बारा आपल्या साडेबाराला वाजतात. तेव्हा घड्याळातल्या ख्रिस्ताच्या मूर्तीसमोरून त्याच्या बारा शिष्यांच्या मूर्ती जातात आणि यांत्रिक कोंबडा तीनदा आरवतो. सासरे तिथून हलायला तयार नव्हते. गर्दी फार असते, म्हणून गाडीची घडी करूनच आत जा.

सासूबाई मात्र थांबल्या त्या रिपब्लिक चौकात. तिथल्या 1936 च्या युद्धस्मारकात एक आई मरणाऱ्या दोन मुलांना धरून बसली आहे. मुलांच्या अंगावर कोणत्याच सैन्याचा गणवेश नाही, कारण इथली मुलं जर्मनीकडूनही लढली आणि फ्रान्सकडूनही. 1870 ते 1945 मध्ये हे शहर चार वेळा या देशातून त्या देशात गेलं. हे सांगितल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. हा चौक चुकवू नका, पेतित फ्रान्समधला फोटो एखादा कमी काढा.

आता भांडण. गाडी स्ट्रासबुर्गच्याच एका दुकानातून सेलमध्ये घेतली होती. दुकानदार म्हणाला, चाक हा झिजणारा भाग आहे आणि तुम्ही ती दगडांवर चालवलीत, नवं चाक विकत घ्या. त्याच्याच दुकानासमोर दगड आहेत! ज्या शहरात गाडी विकता त्या शहरात ती चालायला नको? मी फार चिडले, घरी येऊन एका ताऱ्याचा रिव्ह्यू लिहायलाही घेतला.

मग नवऱ्यानं नियम वाचले. फ्रान्समध्ये नवीन वस्तूत दोन वर्षांच्या आत दोष निघाला, तर तो मुळातलाच धरला जातो. तसं नाही हे दुकानदारानं सिद्ध करायचं. जर्मनीत ही सवलत पहिल्या एका वर्षापुरतीच. म्हणजे हीच गाडी नदीच्या अलीकडे, केलमध्ये घेतली असती, तर सव्वा वर्षानंतर दोष मुळातला होता हे आम्हालाच सिद्ध करावं लागलं असतं. सीमेपलीकडच्या खरेदीच्या तक्रारींत फुकट मदत करणारं युरोपीय ग्राहक केंद्र केलमध्येच आहे. आम्ही पत्रात कायदा लिहिला, त्या केंद्राकडे जाऊ असंही लिहिलं. काही दिवसांत पुढची दोन्ही चाकं नव्या कण्यासकट बदलून मिळाली, एक पैसा न देता.

नवी चाकं जरा रुंद आहेत आणि आवाज कमी करतात. त्यामुळे एक तारा आता तीन झाला. शहरात आणि विमानात गाडी उत्तमच आहे, पण युरोपातली जुनी गावं हिंडायची असतील तर मोठ्या हवेच्या चाकांची घ्या, जड पडली तरी चालेल. किंमत सारखी असेल तर फ्रान्सच्या बाजूनं घ्या आणि बिल जपा. कायद्याखाली दुरुस्ती झाली की तिथे ही मुदत आणखी सहा महिने वाढते, म्हणून दुरुस्तीचीही तारीख घातलेली पावती हातात पडल्याशिवाय दुकानातून निघू नका. मला ती दोनदा मागावी लागली.