80 सीसीचं स्टिकर, आत 48 सीसीचं इंजिन

सायकलला बसवायच्या टू-स्ट्रोक इंजिनावर '80 सीसी' लिहिलेलं असलं की ते 66 निघतं, हे या नादातल्या सगळ्यांना माहीत आहे. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 47 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) 38 मिमी, हिशेब केला की 65.9. ही 14 सीसीची थाप सगळेच निमूट गिळतात. मीही गिळली. पण हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, उघडून आत व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) धरला तर बोअर 40 मिमी! म्हणजे 47.75 सीसी. 80 मधले 32.25 गायब.

लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. खोक्यात जादा गॅस्केटचं (जोडांत बसवायच्या पातळ चकत्यांचं) पाकीट होतं. हेड गॅस्केट हातात घेतलं, भोक लहान वाटलंसुद्धा. 47 चा पिस्टन त्यातून जाणं शक्यच नव्हतं. व्हर्नियर ड्रॉवरमध्ये पडलेला. आणि मी? 'चुकून दुसरं टाकलं असेल' म्हणून पाकीट बंद करून ठेवलं.

अगदीच डोळे मिटून घेतलं असंही नाही. स्पार्क प्लग काढून भोकात काडी घातली, इंजिन फिरवून वरखालचं अंतर मोजलं: 38. झालं समाधान! पण अशा 48 चा आणि 66 चा स्ट्रोक सारखाच, फरक फक्त बोअरचा, आणि तो बाहेरून दिसत नाही. त्यात रनिंग-इन (नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवणं) चालू, पेट्रोल-ऑइलचं 16:1 मिश्रण, लिटरला 62.5 मिली ऑइल. एवढ्या ऑइलवर इंजिन मंद चालतंच. चढावर दम सोडलान की दोष ऑइलला. मग प्लगचा गॅप 0.6 मिमी केला, इनटेकचं गॅस्केट हवा खेचतंय का पाहिलं, क्लच घसरतोय का पाहिलं. प्लग तर मस्त कॉफीच्या रंगाचा. सगळं ठीक आणि ओढ नाही, तेव्हा कुठे हेड उघडलं.

विक्रेता म्हणतो, "हेड उघडलंत, वॉरंटी संपली." अहो, न उघडता बोअर मोजायचा कसा? ज्या साइटवरून घेतलं त्यांनी इंजिनाचा फोटो मागितला. पाठवला. उत्तर आलं: स्टिकरवर 80 सीसी स्पष्ट दिसतंय, माल वर्णनाप्रमाणे आहे! व्हर्नियरचा फोटो पाठवला तर विचारतात, हे कसलं उपकरण. परतीची मुदत 7 दिवस, रनिंग-इन त्यात उरकतं होय? पुढे ग्राहक तक्रार केली, नंबर मिळाला, दोनदा फोन झाले आणि तिसऱ्या दिवशी 'तक्रार निकाली'. निकाल काय लागला, ते मात्र कोणी सांगेना.

पार्सल उघडतानाच व्हिडिओ काढा, आणि त्याच व्हिडिओत गॅस्केटच्या भोकावर व्हर्नियर धरा. विक्रेत्याकडून बोअर मिलिमीटरमध्ये लेखी घ्या, सीसी विचारूच नका. हेड उघडायची वेळ आलीच तर चारही नट तिरप्या जोडीने थोडे थोडे सैल करा, आवळतानाही तसेच. एका बाजूने आवळत गेलं तर हेड वाकतं आणि गॅस्केट उडतं. आणि हो, बोअर मोजल्याशिवाय 47 चा पिस्टन-रिंग सेट आधीच मागवून ठेवू नका. माझा अजून पाकिटातच आहे.