जुन्या पिकअपचा एक्झॉस्ट: अ‍ॅल्युमिनाइज्ड की स्टेनलेस?

जुन्या पिकअपला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) मागचा सगळा एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारे पाइप आणि मफलर (सायलेन्सर), नवा बसवायचा, तर आवाजाआधी पाइपचा धातू ठरवा. अ‍ॅल्युमिनाइज्ड पाइप म्हणजे साधं पोलाद, वर अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनचा मुलामा. स्वस्त, वाकवायला सोपा. पण वेल्डिंगच्या जागी मुलामा जळतो आणि गंज नेमका तिथूनच शिरतो. त्यात गाडी रोज जेमतेम कोपऱ्यापर्यंतच जात असेल तर पाइप पुरता तापत नाही, धुरातल्या वाफेचं आत साचलेलं पाणी वाळत नाही आणि मफलर आतून सडतो.

स्टेनलेस महाग, आणि त्यातही प्रकार. ४०९ या प्रकारात क्रोमियम सुमारे ११ टक्के. वरून तांबूस पडतो, आरपार मात्र सहजी गंजत नाही. ३०४ मध्ये क्रोमियम १८ आणि निकेल ८ टक्क्यांच्या आसपास. तो बराच काळ चांगला दिसतो. (गाडीखाली वाकून बघणार कोण, हा भाग वेगळा.)

चॅसीच (गाडीचा सांगाडा) गंजली असेल तर अ‍ॅल्युमिनाइज्ड पुरे. चॅसी ठणठणीत असेल आणि गाडी ठेवायची असेल, तर मी ४०९ घेईन. काहीही घ्या, जुने बोल्ट काढताना तुटण्याची शक्यता दांडगी. नवे बोल्ट, गॅस्केट (सांधा बंद करणारी चकती) आणि पाइप टांगायचे रबरी हँगर आधीच आणून ठेवा.