अर्धवट गोष्टींचं पुस्तक

क्रिस व्हॅन ऑल्सबर्ग यांचं ‘द मिस्टरीज ऑफ हॅरिस बर्डिक’ हे चित्रांचं पुस्तक आहे १९८४ चं. मी ते यंदा मे महिन्यात ऑनलाइन मागवलं. कोपरा दुमडून आलं. बिल बघून वहिनी म्हणाली, “चौदा चित्रं नि चौदा ओळी, आणि ह्याला एवढे पैसे?”

हिशेब तिचा बरोबर आहे. नुसतं चाळलं तर पाच मिनिटांत संपतं. सुरुवातीला लेखक सांगतो की हॅरिस बर्डिक नावाचा माणूस प्रकाशकाकडे ही चित्रं ठेवून गेला, उद्या गोष्टी घेऊन येतो म्हणाला आणि परत फिरकलाच नाही. प्रत्येक चित्राला एक नाव, एक ओळ, बस्स. ही बर्डिकची हकिकत बनावट आहे, पण पोरांना आधी सांगू नका.

सुट्टीत माहेरी, कोल्हापुरात शिवाजी पेठेत, भाचरं धरून सहा पोरं जमतात. पहिल्या दिवशी मी इंग्रजी ओळ वाचली, मराठीत सांगितली आणि विचारलं, “बोला, काय वाटतं?” सगळी गप्प. शाळाच केली होती मी त्यांची! दुसऱ्या दिवशी ओळींवर कागद चिकटवला, पुस्तक त्यांच्यात टाकलं आणि लसूण सोलत बसले.

एका चित्रात अरुंद कालव्यात भलंमोठं जहाज घुसलंय. बारा वर्षांची भाची म्हणाली, “हे आपल्या व्हीनस कॉर्नर चौकातलं.” २०१९ च्या महापुरात तिला शाहूपुरीतून बोटीनं बाहेर काढलं होतं. तिच्या गोष्टीतला कॅप्टन पुण्याला निघालेला, पण शिरोलीला हायवे बंद, म्हणून त्यानं जहाज गल्लीत घातलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, “दूध आणलंय काय?” नव्हतं. काकूंनी वाट अडवली. “मी असतो तर दूध घेऊनच आलो असतो,” भाची म्हणाली. (होय, मुलगीच आहे. आमच्याकडं मुली अशाच बोलतात.)

दुसऱ्या चित्रात गालिच्याखाली फुगवटा आणि त्यावर खुर्ची उगारलेला माणूस. पुतण्याच्या मते खाली लपवलेल्या गृहपाठाच्या वह्या आहेत, एकमेकींना खाऊन मोठ्या झालेल्या.

तक्रारीही आहेत. चित्रं सगळी काळी-पांढरी, काही चांगलीच भीतीदायक. तळघरातल्या छोट्या दाराची मूठ फिरते, ते चित्र बघून आमचं धाकटं दोन रात्री जिन्याखालून एकटं जाईना. सात वर्षांखालच्यांना देऊ नका. २०११ मध्ये ह्याच चित्रांवर स्टीफन किंगसकट नामवंत लेखकांनी लिहिलेल्या गोष्टींचं पुस्तक आलं. ते पोरांपासून लांबच ठेवा. आमच्या लहानपणी गोष्ट संपली की तात्पर्य यायचं, तसंच ते. उत्तर छापलेलं मिळालं की कोण डोकं चालवतंय?

एवढे पैसे घालायचे नसतील, तर ‘प्रथम बुक्स’ प्रकाशनाच्या ‘स्टोरीवीव्हर’ वेबसाइटवर मराठी चित्रपुस्तकं फुकट आहेत. त्यात गोष्ट पूर्ण असते. मजकूर झाकून नुसती चित्रं दाखवा.

जहाजाचं मात्र राहिलंय. धाकट्यानं विचारलं, “पाणी उतरल्यावर त्याचं काय झालं?” भाची म्हणाली, “उद्या सांगतो.” सकाळी तिचे बाबा आले आणि तिला घेऊन गेले. धाकटं रोज माझ्या फोनवरून तिला विचारतं. ती म्हणते, उद्या.