ट्रॉम्बोनचा 'भुंगा': घरी बनवलेला बझ म्यूट, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

संक्रांतीच्या सुमाराला ट्रॉम्बोनच्या भोंग्यात बसवायचा हा म्यूट घरी बनवला. आता ऑक्टोबर उजाडलाय. मधल्या काळात अख्खी लगीनसराई गेली, पावसाळा गेला, गणपती गेले, नवरात्रात दोन स्टेज कार्यक्रम झाले. खात्रीनं काही सांगता यावं एवढा वापर आता झालाय. आमचा बँड परभणीचा, वडिलांनी उभा केलेला. मी स्लाइडचा ट्रॉम्बोन वाजवतो, म्हणजे नळी मागं-पुढं सरकवून सूर बदलायचं पितळी वाद्य. आपल्या भागात ट्रॉम्बोनवाले थोडे आणि त्यात म्यूट लावणारे त्याहून थोडे, पण जे आहेत त्यांच्या कामाला येईल म्हणून सविस्तर लिहितोय.

साधा म्यूट भोंग्यात बसवला की आवाज दबतो आणि बारीक होतो. बझ म्यूटमध्ये त्याच्याही पुढं एक गोष्ट असते: एका भोकावर पातळ पडदा बसवलेला असतो. सूर लागला की तो पडदा थरथरतो आणि सुराला एक गुणगुणती खरखर चढते. लहानपणी ज्यानं कंगव्यावर कागद धरून गाणं म्हटलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आमच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे चाचा आहेत. त्यांनी पहिल्यांदा ऐकलं आणि म्हणाले, "काय रे लेकरा, बाजात भुंगा शिरला का?" तेव्हापासून आमच्याकडं याचं नाव भुंगाच आहे.

हे खूळ लागलं ते जुनी रेकॉर्डिंग ऐकून. अमेरिकन जाझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात जो नॅन्टन नावाचा ट्रॉम्बोनवादक १९२६ पासून १९४६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत होता. तो ट्रम्पेटचा छोटा म्यूट भोंग्यात घालायचा आणि वरून मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप हातानं उघड-झाप करायचा. ट्रॉम्बोन अक्षरशः माणसासारखा बोलतो. मला तसंच हवं होतं असं नाही, पण आपल्या वाद्यातून गोंधळाच्या तुणतुण्यासारखी कंप पावणारी खरखर काढता येईल का, हे तेव्हापासून डोक्यात बसलं.

तयार म्यूट शोधण्यात दोन महिने गेले. अमेरिकेतली ह्यूम्स अँड बर्ग ही कंपनी 'बझ-वॉव' नावाचा असा म्यूट बनवते. त्यांचे तांबडे-पांढरे म्यूट फोटोत बघून माहीत होते. पण परदेशातून मागवायचं तर भाडं आणि कर धरून आमच्या खिशाबाहेरचं गणित. संभाजीनगरला चौकशी केली, पुण्यात केली. दुकानदार ट्रम्पेटचे म्यूट दाखवायचे. एका ठिकाणाहून ऑनलाइन 'ट्रॉम्बोनसाठी' म्हणून साधा म्यूट मागवला, तोही निघाला ट्रम्पेटचा. माझ्या ट्रॉम्बोनचा भोंगा आठ इंचांचा, ट्रम्पेटचा पाचेक इंचांचा. तो म्यूट गळ्यात इतका आत गेला की काढायला सळई लागली. परत पाठवायला गेलो तर मुदत संपली म्हणाले. मग ठरवलं, घरीच करायचं.

पहिला प्रयोग रॉकेलच्या नरसाळ्याचा. फसला. नरसाळ्याचा उतार फार पसरट असतो, भोंग्याचा गळा त्यामानानं निमुळता. त्यामुळं नरसाळं गळ्यात न बसता कडेवर टेकतं आणि दुसऱ्या सुराला खाली पडतं. म्यूटचा उतार गळ्याच्या उताराशी जुळला पाहिजे, हे त्यातून कळलं.

मग पुठ्ठ्याचा शंकू केला. लांबी दहा इंच, निमुळतं तोंड दोन इंचांचं आणि उघडं, रुंद बूड साडेचार इंचांचं आणि बंद. शंकूवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवून आठ थर दिले, प्रत्येक थर गच्चीवर वाळवून. आतून-बाहेरून ऑइल पेंटचे दोन हात मारले, कारण फुंकीची वाफ आत साचते आणि नुसता कागद आठ दिवसांत मऊ पडतो. बूड प्लायवुडच्या चकतीचं. वजन पाव किलोच्या आत राहिलं, ही फार मोलाची गोष्ट आहे. वरातीत तीन-तीन तास वाद्य पेलायचं असतं, भोंग्याच्या टोकाला प्रत्येक तोळा जाणवतो.

पडदा कसा बसवायचा यावर बरेच दिवस घालवले. चिकटवला तर बदलता येत नाही, रबर लावलं तर सुटतो. शेवटी पाण्याच्या बाटलीनं मार्ग दिला. बाटलीची आट्यांची मान कापून घेतली, बुडाच्या मधोमध भोक पाडून ती तिथं पक्की बसवली. झाकणाचा मधला भाग कापून नुसती कडी ठेवली. आता मानेवर पडदा ठेवायचा, वरून झाकणाची कडी फिरवायची, झालं. पडदा फाटला तर स्टेजवर दोन गाण्यांच्या मध्ये बदलता येतो. सगळ्या उठाठेवीतली हीच जागा मला सर्वांत जमलेली वाटते. एकूण खर्च दीडशे रुपयांच्या आत.

कॉर्कचं मात्र नीट वाचा, कारण इथं माझे पंधरा दिवस वाया गेले. निमुळत्या टोकाकडं कॉर्कच्या तीन पट्ट्या लावतात, त्यांच्यावर म्यूट गळ्यात रुतून बसतो. मला वाटलं, सगळा आवाज पडद्यावरच गेला पाहिजे, म्हणून मी गोल सगळीकडून कॉर्क लावून फट बंद केली. पण बूड पडद्यानं बंद आणि कडेची फटही बंद, तर फुंकलेली हवा जाणार कुठून? गाल फुगले, सूर निघेना. उलट तीन जाड पट्ट्या ठेवून फट मोठी सोडली तर सूर मोकळा येतो, पण आवाज कडेनंच निसटतो आणि पडदा गप्प. शेवटी पट्ट्या पॉलिश पेपरनं घासत घासत पातळ केल्या, फट दुमडलेल्या पोस्टकार्डाएवढी राहिली, आणि तिथं भुंगा पहिल्यांदा बोलला.

आता पडदा. घरात मिळेल ते सगळं लावून बघितलं. फुग्याचं रबर जाड आणि लवचिक, ते थरथर गिळून टाकतं. अगदी निरुपयोगी. पतंगाचा कागद छान बोलतो पण वाफेनं दहा मिनिटांत लोळागोळा होतो. ट्रेसिंग पेपरची खरखर सगळ्यात गोड, अगदी सनईच्या अंगानं जाणारी, पण एका गाण्यापुरतीच. रंगीत जिलेटीन कागद कडक, फाटतो लवकर. कांद्याचा आतला पारदर्शक पापुद्राही लावला; आवाज खरोखर सुंदर आला आणि वाळला तसा तडकला. टिकला आणि बोलला तो भाजी ठेवायच्या रोलमधल्या पातळ पिशवीचा तुकडा. बोटात चुरगाळला की चुरचुर वाजतो तो प्रकार घ्यायचा. मऊ, गुळगुळीत, न वाजणारा प्लास्टिकचा कागद चालत नाही.

पण योग्य कागद सापडूनही महिनाभर आवाज मनासारखा नव्हता. मी पडदा हलगीच्या कातड्यासारखा ताणून बसवायचो. एक पातळ 'टिर्र' यायची, तीही वरच्या दोन-तीन सुरांतच. हे सुटलं ते गंगाखेडला मामांकडं.

मामा विणेकरी आहेत. त्या दिवशी ते ओसरीवर वीणा मांडीवर घेऊन जवारी लावत होते. घोडी, म्हणजे तार जिच्यावर टेकते ती पट्टी, आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा, तार छेडायची, दोरा केसभर मागं घ्यायचा, पुन्हा छेडायची. एका जागी तार ठोकळ्यासारखी वाजत होती, केसभर पुढं नुसती झणझणत होती, आणि त्या दोन्हींच्या मधोमध एक जागा अशी आली की तार आपोआप गायला लागली. मी माझं दुखणं सांगितलं. मामांनी म्यूट हातात घेतला, पडद्यावर नख वाजवलं आणि म्हणाले, "एवढा आवळून धरल्यावर तो थरथरंल कशाला? तार घोडीला चिकटत नाही, टेकते. तसं टेकव."

तिथंच झाकण सोडलं, पडदा ठेवून अंगठ्यानं हलकासा आत दाबला, वाटीसारखा खोलगट झाला, वर दोन-तीन सुरकुत्या राहिल्या, आणि तसाच कडीत पकडला. ओसरीवर फुंकलं तर मधल्या सगळ्या सुरांना खरखर धरून राहिली. मामी आतून बघायला आल्या. नंतर वाचनात आलं की चिनी बांबूच्या बासरीत, डिझीत, एका भोकावर बोरूच्या जातीतल्या गवताचा पापुद्रा चिकटवतात आणि वादक तो मुद्दाम सुरकुत्या ठेवून चिकटवतात. पश्चिम आफ्रिकेतल्या बालाफोन या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याखालच्या भोपळ्यांना भोकं पाडून त्यावर कोळ्याच्या अंड्यांच्या कोषाचा पडदा लावायची रीत आहे. खरखर हवी म्हणून माणसांनी कुठं कुठं किती मेहनत घेतलीय, आणि आपल्याकडं तर जवारीशिवाय तंबोऱ्याला तंबोरा म्हणत नाहीत.

एक सावधगिरी: झाकण फिरवताना पडदा सोबत फिरतो आणि पिळला जाऊन पुन्हा ताठ होतो. म्हणून अंगठा पडद्यावर तसाच ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं कडी फिरवायची. पहिले काही दिवस जमत नाही, मग हाताला वळण पडतं.

आता प्रत्यक्ष कामात कसा वाटला. वरातीत शून्य. ढोल, ताशे, सॅक्सोफोन, रस्त्यावरची गर्दी, यात भुंगा कुणालाही ऐकू जात नाही. एप्रिलमध्ये सेलूच्या एका लग्नात हौसेनं लावला आणि पहिल्या चौकातच काढून पिशवीत टाकला. याची जागा स्टेज आणि माइक. माइक बुडापासून चार बोटांवर ठेवायचा, अगदी समोर न ठेवता जरा तिरपा, म्हणजे फुंकीचा फसफस आवाज पकडत नाही. नवरात्रातल्या कार्यक्रमात संबळ आणि तुणतुण्याबरोबर गोंधळाच्या चाली वाजवल्या. तिथं त्यानं कमाल केली. तुणतुण्याची तार आणि ट्रॉम्बोन यांची खरखर एकमेकांत अशी मिसळली की संबळ वाजवणारे गोंधळी दोनदा मान वळवून बघत होते आवाज कुठून येतोय.

हळू वाजवलं तर पडदा जागाच होत नाही. सुराला ठरावीक जोर लागतो, त्याखाली नुसता दबका ट्रॉम्बोन ऐकू येतो. त्यामुळं हळुवार सुरुवात करून वाढवत नेणाऱ्या जागा असतील तिथं खरखर अचानक उगवते. मला हे आवडायला लागलंय, पण सगळ्यांना आवडेल असं म्हणवत नाही. खालचे सूर कच्चे आहेत. पेटीच्या मधल्या पांढरी चारपासून वरच्या काळी पाचपर्यंत उत्तम, त्याच्या खाली उतरलं की सूर डळमळतो आणि सातव्या पोझिशनच्या, म्हणजे स्लाइड पूर्ण बाहेर ओढल्याच्या, आसपास तर ओठांनी पकडून ठेवावा लागतो. नऊ महिन्यांत याच्यावर मला उपाय सापडलेला नाही.

शिवाय म्यूट चढवला की वाद्य चढं बोलतं. माझं ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे वाद्य सुरात मिळवायची वेगळी सरकती नळी, अर्धा इंच बाहेर घ्यावं लागतं. स्लाइडला दोन नळ्या असल्यानं अर्धा इंच ओढलं की एकूण लांबी इंचभर वाढते. नऊ फुटी नळीत तेवढ्यानं अर्ध्या सुराच्या साधारण सहाव्या हिश्शाइतका सूर उतरतो, आणि माझ्या म्यूटला तेवढंच लागतं. पेटीशी मिळवून स्लाइडवर पेन्सिलची खूण करून ठेवलीय. म्यूट काढला की स्लाइड परत आत घ्यायची आठवण ठेवा, मी एकदा विसरलो आणि अख्खं गाणं उतरलेलं गेलं.

ऋतूंचं सांगायचं तर मे महिना वाईट गेला. परभणीत पारा ४३-४४ वर, म्यूट बँडच्या गाडीत काचेजवळ राहिला. कॉर्क चिकटवायला पंक्चरचं रबर सोल्यूशन वापरलं होतं, ते वितळून पट्ट्या सरकल्या. नंतर दोन भागांचं मिसळून लावायचं चिकटद्रव्य वापरलं, त्यानंतर त्रास नाही. बाटलीची मान मात्र त्या उन्हातही जशीच्या तशी राहिली. पावसाळ्यात पडद्याच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि आवाज बुडबुड्यासारखा होतो. तीन-चार गाण्यांनंतर झाकण उघडून धोतराच्या जुन्या मऊ फडक्यानं टिपून घेतो. पडद्याचे पंधरा-वीस गोल तुकडे कापून पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवतो. एक तुकडा तीन कार्यक्रम सहज जातो.

तयार विलायती म्यूट हातात आला तर घेईन का? वाजवून बघायला नक्की घेईन. पण स्टेज कार्यक्रम करणाऱ्या, घरी चार संध्याकाळी घालवायची तयारी असलेल्या ट्रॉम्बोनवाल्यानं आधी हा करून बघावा. नुसत्या वराती करणाऱ्यानं करू नये, कष्ट वाया जातील.

माझ्या म्यूटच्या बुडाची कडा आता झिजून थर उसवायला लागलेत. मामांच्या गोठ्याच्या आढ्याला दोन कडू भोपळे वाळत टांगलेत. त्यातल्या एकाची मान बारीक आणि उतार बराचसा भोंग्याच्या गळ्यासारखा आहे. दिवाळीनंतर तो पुरता वाळला की कापून बघणार आहे.