एका ‘आर’पायी काटा बंद: लिंकरच्या रॅपरचा आठ महिन्यांचा अनुभव

आधी रागाचं सांगतो, कारण तो अजून पुरता गेलेला नाही. नोव्हेंबरमध्ये, सीतादही (वेचणी सुरू करतानाची पूजा) होऊन वेचणी भरात आलेली असताना, पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमधून दिवाणजींचा सकाळी साडेसातला फोन आला. “भाऊ, काटा चालूच नाही होऊन राहिला. मांगं वीस गाड्या लागल्या हाय, लोकं रात्रीपासून बसले हाय.” आदल्या संध्याकाळी मीच त्यांना काट्याच्या सॉफ्टवेअरची नवी लायब्ररी पाठवली होती. स्क्रीनवर काय दिसतंय ते त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं: अनडिफाइन्ड सिम्बॉल, कपात_तक्ता. म्हणजे प्रोग्रामला हे नाव सापडत नव्हतं.

जुनी फाइल फोनवरूनच परत ठेवायला लावली आणि काटा सुरू झाला. पण तोवर पाऊण तास गेला होता, आणि त्या रांगेतले निम्मे लोक माझ्या ओळखीचे होते.

माझं काम घाटंजी तालुक्यातल्या गावातून चालतं. काट्याच्या सॉफ्टवेअरची मूळ लायब्ररी (सामायिक कोड) एक, आणि प्रत्येक जातीच्या इंडिकेटरसाठी (वजन दाखवणारी पेटी) वेगळं प्लगइन, जे प्रोग्राम चालू असताना डीएलओपनने चढतं. तीच लायब्ररी एका गिऱ्हाइकाच्या एआयएक्स (आयबीएमची युनिक्स) सर्व्हरवरही चालते. लिनक्स आणि एआयएक्स, दोन्हीकडे सिम्बॉल (फंक्शन-व्हेरिएबलची नावं) एक्सपोर्ट करायची, म्हणजे प्लगइनला दिसू द्यायची, तऱ्हा वेगळी, म्हणून आधीच्या प्रोग्रामरने शंभरेक ओळींचा शेल स्क्रिप्ट लिहून ठेवला होता. हाच तो रॅपर. त्याचं नाव एलडी, म्हणजे लिंकरचंच (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम). जीसीसी या कंपायलरला ‘हायफन बी’ लावून त्याचं फोल्डर दाखवलं की जीसीसी त्यालाच लिंकर समजून हाक मारतो. रॅपर ऑब्जेक्ट फाइलींवर (कंपाइल झालेले तुकडे) एनएम, म्हणजे प्रत्येक नाव आणि त्याच्या जातीचं अक्षर दाखवणारा प्रोग्राम, चालवून नावं गोळा करतो, लिनक्सवर व्हर्जन स्क्रिप्ट लिहितो (यादीतली नावं ग्लोबल म्हणजे बाहेर दिसणारी, बाकी सगळं लोकल म्हणजे लपलेलं), एआयएक्सवर एक्सपोर्ट फाइल बनवतो, आणि मग खऱ्या लिंकरला काम सोपवतो. पायथनच्या मूळ सोर्समध्येही एआयएक्ससाठी अशीच जोडी होती, तेव्हा कल्पना जुनी आणि पारखलेली.

घात झाला तो नावं गोळा करण्यात. एनएमच्या उताऱ्यातून तो फक्त टी, डी आणि सी ही अक्षरं उचलत होता. म्हणजे फंक्शन, किंमत दिलेले व्हेरिएबल आणि कॉमन (किंमत न दिलेले). आमचा कपात_तक्ता म्हणजे कापसातला ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला तर 12 टक्क्यांपर्यंत किती कापायचं याचा छोटासा अ‍ॅरे. ऑक्टोबरमध्ये मी त्याच्यापुढे ‘कॉन्स्ट’ लिहिलं. कोणी चुकून बदलू नये, एवढाच हेतू. पण कॉन्स्ट लागल्याबरोबर तो रीड-ओन्ली भागात गेला, एनएममध्ये ‘डी’चा ‘आर’ झाला, आणि रॅपरने त्याला यादीतून गाळून लोकल करून टाकलं. वॉर्निंग नाही, एरर नाही. माझ्या लॅपटॉपवर सगळं चाललं, कारण घरचा डीबग बिल्ड रॅपरशिवाय होत होता आणि लिनक्सवर न सांगता सगळंच एक्सपोर्ट होतं. हे नाव फंक्शनचं असतं तर आरटीएलडी_लेझीमुळे (फंक्शन पहिल्या हाकेलाच शोधायची सवलत) काटा निदान चालू तरी झाला असता, पहिल्या हाकेपर्यंत. डेटाचं नाव लोड होतानाच सापडावं लागतं.

हे शोधायला दोन रात्री गेल्या. त्यातली एक लाईट नसताना, बॅटरी जपत. जिनिंगच्या दोन चकरा झाल्या, पेट्रोल माझ्या खिशातलं. शेवटी जुन्या आणि नव्या लायब्ररीवर एनएम चालवून दोन याद्या शेजारी लावल्या तेव्हा एक ओळ कमी दिसली. हे मी पहिल्या तासात करायला हवं होतं, पण मी प्लगइनवरच संशय धरून बसलो.

‘बी’ही गाळला जात होता. त्यात लिहिणाऱ्याची चूक नाही: किंमत न दिलेले ग्लोबल व्हेरिएबल पूर्वी ‘सी’ म्हणून दिसायचे, 2020 मध्ये आलेल्या जीसीसी 10 पासून ते ‘बी’ म्हणून दिसतात. ‘आर’ मात्र पहिल्या दिवसापासून हवा होता, आणि त्याबद्दल मी त्याला माफ करत नाही.

तेव्हा ठरवलं होतं, हा रॅपर काढून टाकायचा. लिनक्सवर व्हिजिबिलिटी हिडन (खूण नसलेलं सगळं लपवणारा पर्याय) लावायची, जी जीसीसी 4.0 पासून आहे, आणि हव्या त्या फंक्शनवर खूण करायची. पण गिऱ्हाइकाच्या एआयएक्सवरचा जुना कंपायलर ती खूण ओळखतच नाही. मग जानेवारीत तिथे ‘बीएक्सपऑल’ वापरून पाहिलं, म्हणजे सगळंच एक्सपोर्ट. लिंक झालं, आणि प्लगइन पुन्हा अडकलं, कारण अंडरस्कोरने सुरू होणारी नावं तो पर्याय सोडून देतो आणि आमच्या आतल्या हुकची नावं नेमकी तशी. त्याच रात्री रॅपर परत लावला, तिथे सगळं पहिल्या फटक्यात चढलं, आणि माझं मत बदललं. एका यादीतून दोन सिस्टीमची फाइल काढणं हे काम तो उत्तम करतो. यादी ठरवणं हे काम त्याच्याकडे द्यायचं नव्हतं.

आता यादी मी हाताने लिहिली आहे, 74 नावं, गिटमध्ये. रॅपर ऑब्जेक्ट फाइली तपासतो आणि यादीतलं एकही नाव कमी पडलं की बिल्ड तिथेच थांबवतो. लायब्ररी बदलली की सगळी प्लगइन ‘झेड डेफ्स’ (नाव सापडलं नाही तर लिंक अडवणारा पर्याय) लावून पुन्हा लिंक करतो. जुन्या लॅपटॉपवर त्याला चार मिनिटं लागतात, ती मी आनंदाने देतो. घरचा बिल्डही आता रॅपरमधूनच. एक दुखणं उरलंय: एलटीओ (लिंक करतानाचं ऑप्टिमायझेशन) चालू केलं तर साध्या एनएमला ऑब्जेक्ट फाइलीतलं नीट दिसत नाही, तिथे जीसीसी-एनएम लागतो, आणि स्क्रिप्टमध्ये साध्याचंच नाव ठोकलेलं आहे. ते बदलेपर्यंत एलटीओ बंद.

गेल्या आठवड्यात बिल्ड थांबला: एक नाव कमी. साफसफाई करताना एका फंक्शनपुढे मी ‘स्टॅटिक’ लिहिलं होतं, म्हणजे ते फाइलीबाहेर दिसेनासं झालं. शब्द खोडला, पुन्हा चालवलं, लायब्ररी पाठवली. सकाळी मीच दिवाणजींना फोन केला. काटा सात वाजल्यापासून चालू होता.