वाचाघातानंतरचे छापील सराव-कागद : दहा महिने वापरून

आमच्या घरात आत्ता तीन फायली भरून छापील कागद आहेत, साधारण साडेतीनशे. रोज हातात येतात ते चाळीसच्या आसपास. उरलेल्या तीनशेंवर गेला तसा पैसा आणि वेळ दुसऱ्या कुणाचा जाऊ नये, म्हणून सविस्तर लिहिते.

मागच्या वर्षी गणपती उठले आणि चौथ्या दिवशी सकाळी ह्यांना पक्षाघात झाला, मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात लुळा पडला आणि वाचाही गेली, ह्यालाच वाचाघात म्हणतात. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते आणि शरीराची उजवी बाजूही तोच अर्धा चालवतो, म्हणून ही दोन्ही संकटं बरेचदा जोडीनं येतात. माणसं ओळखायचे, बोललेलं पुष्कळसं कळायचं. पण तोंडून ‘हो’ एवढंच निघायचं, ‘नाही’ म्हणायचं असलं तरी ‘हो’च. इंदूरला आम्ही लोकमान्य नगरात राहतो. स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा घरी येतात, हाताचा आणि रोजच्या कामांचा सराव घेणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट एकदा. उरलेले दिवस सराव आम्हीच घ्यायचा. त्यासाठी दोघीही पीडीएफ पाठवतात, शिवाय मुलीनं पुण्याहून परदेशी साइटवरचे दोन संच विकत घेऊन दिले.

त्या विकतच्या संचांबद्दल आधी सांगते. चित्रं सुबक, छपाई सुरेख. पण पहिल्याच पानावर बर्फाचा माणूस, मग टपालाची खांबावरची पेटी, घरातली शेकोटी, लाल भोपळ्याचा कोरलेला चेहरा. हे एकेका चित्राकडे बघत बसायचे आणि मी वहीत ‘जमलं नाही’ लिहायची. आठवड्यानं थेरपिस्ट ताईंनी वही पाहिली आणि विचारलं, ही वस्तू अंकलजींनी आयुष्यात कधी हातात घेतली आहे का? शब्द हरवलाय की वस्तूच अनोळखी आहे, हे त्या कार्डावरून कळणारच नाही. तोवर सहा-सात दिवस मी ह्यांना अशा प्रश्नांत नापास करत होते जे त्यांचे नव्हतेच. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरी अडचण चित्रांच्या वयाची. बरेचसे संच लहान मुलांसाठी काढलेले असतात. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला, ज्यानं बँकेत तीस वर्षं हिशेब सांभाळले, त्याला फुगा धरलेलं अस्वल दाखवून ‘हे काय आहे’ विचारायचं? ह्यांनी ते कार्ड डाव्या हातानं शांतपणे उलटं करून ठेवलं. त्या दिवसापासून बाळबोध चित्रं बंद.

फुकट मिळणाऱ्यांत ‘आरासाक’ हा चित्रसंग्रह मला सर्वांत उपयोगी पडला. स्पेनमधल्या आरागोन प्रांताच्या सरकारचा आहे, दहा हजारांवर चित्रं आहेत, आणि नफ्यासाठी नसेल तर श्रेय देऊन कुणीही वापरावीत अशी मोकळीक आहे. चित्रं साधी, ठळक. डोकं दुखतंय, उलटी होतेय, पंखा लावा, संडासला जायचंय, अशा गोष्टींसाठी ती उत्तम. खाण्यापिण्याच्या वस्तूंना मात्र आपलं घरच हवं. म्हणून नातीनं मोबाईलवर फोटो काढले: ह्यांचाच चहाचा कप, पितळी तांब्या, चष्म्याची डबी, दुधाची पिशवी, जिरावणाची (पोह्यांवर घालायच्या इंदुरी मसाल्याची) बरणी. पहिले फोटो ओट्यावर काढले होते, मागे भांड्यांचा पसारा, त्यामुळे नजर कुठे ठेवावी तेच कळेना. मग पांढरी चादर अंथरून, एका फोटोत एकच वस्तू. अशा चोवीस फोटोंनी दोन्ही विकतच्या संचांपेक्षा जास्त काम केलं.

छापताना झालेल्या चुका थोडक्यात. अमेरिकी पीडीएफ ‘लेटर’ मापाच्या असतात, २१६ गुणिले २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० गुणिले २९७. भंवरकुआंच्या झेरॉक्सवाल्यानं मूळ मापात छापलं तर दोन्ही कडा कापल्या जातात. ह्यांना उजवीकडचं आधीच कमी दिसतं, त्यात उजवा रकानाही कडेला कापलेला. ‘फिट टू पेज’ करून घ्या, आणि उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत जाड लाल रेघ मारा. ‘लाल रेघ सापडेपर्यंत बघत जायचं’ असं शिकवल्यावर ह्यांची नजर हळूहळू पानाच्या टोकापर्यंत जाऊ लागली. चकचकीत लॅमिनेशन घेऊ नका. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ट्यूबलाइटची तिरीप त्यावर फार खुपते, मॅट घ्या. खजुरी बाजारात पाऊच मिळतात, १२५ मायक्रॉनचे पुरेसे टिकतात. आणि कोपरे गोल कापाच. उजव्या हाताला स्पर्श कळत नव्हता तेव्हा लॅमिनेशनच्या टोकानं तळव्याला ओरखडे पडले, आणि ह्यांना पत्ताच नाही. मला संध्याकाळी रक्त दिसलं.

मराठी अक्षरांचंही असंच. पीडीएफमध्ये इंग्रजी पुसून मराठी टाईप केलं तर काही सॉफ्टवेअरमध्ये वेलांट्या उड्या मारतात; ‘चिंच’मधली वेलांटी च सोडून भलतीकडे. शब्द शोधताना आधीच दमणाऱ्या माणसापुढे असं अक्षर ठेवू नये. नात आता शब्द वेगळा लिहून त्याचं चित्र करते आणि ते चिकटवते.

उच्चारांची इंग्रजी कार्डं आम्हाला शून्य उपयोगाची. आपले ध्वनीच वेगळे. एकट्या ‘चिंच’ शब्दात पहिला च वेगळा आणि शेवटचा वेगळा. ळ आणि ण तर त्या कार्डांत कुठून असणार? ताईंनी ओठांवर दिसणाऱ्या अक्षरांपासून सुरुवात करायला सांगितली, म्हणजे माझे ओठ बघून ह्यांना धरता येतील. पाणी, पोळी, भात, मीठ, बाम. नोव्हेंबरात पहिला नीट शब्द आला तो ‘पोहा’. मी ‘पोहे’ म्हणत होते, हे ‘पोहा’ म्हणाले, जन्मभर दुकानात तसंच मागितलेलं. ताई म्हणाल्या, मराठी की हिंदी ते आत्ता बघू नका, जो शब्द येईल तो घ्या. तेव्हापासून प्रत्येक कार्डावर दोन्ही शब्द असतात.

आता ज्या कागदांनी खरोखर दार उघडलं ते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आम्ही आरती म्हणत होतो आणि ह्यांनी पूर्ण आरती सोबत म्हटली. पाणी मागता येत नव्हतं आणि आरती अख्खी आली! मी तिथेच रडले. ताईंनी नंतर समजावलं की पाठांतर, वार, आकडे, गाणं हे शब्द जुळवून बोलण्यापेक्षा वेगळ्या वाटेनं येतं आणि बरेचदा शाबूत राहतं. त्यावरून मी स्वतः गाळलेल्या जागांचे कागद केले, एका पानावर चारच ओळी, मोठ्या अक्षरांत. ‘सोमवार, मंगळवार, ____.’ ‘सुई आणि ____.’ ‘थेंबे थेंबे तळे ____.’ ‘नाचता येईना, अंगण ____.’ ह्यांनी ‘वाकडं’ म्हटलं आणि स्वतःच चमकून माझ्याकडे बघितलं. परदेशी संचांतही अशा जोड्या असतात, पण त्या त्यांच्या घरातल्या. ही पानं आपल्या माणसालाच करावी लागतात.

दुसरा कागद सहा चौकोनांचा. मध्ये वस्तूचं चित्र, भोवती प्रश्न: कशातला प्रकार, कशासाठी, कसं दिसतं, कुठे मिळतं, त्याचं काय करतात, काय आठवतं. नाव आलं नाही तरी त्याच्या शेजारपाजारचं बोलत राहायचं. जानेवारीत मध्ये गराडूचा, म्हणजे इकडे तळून खातात त्या कंदाचा, फोटो लावला. नाव येईना. मी विचारलं, कधी खातो? बराच वेळ गेला. ‘थंडी.’ कसं करतात? हातानं तळल्यासारखं दाखवलं. वर काय? ‘लिंबू.’ कुठे मिळतं, विचारल्यावर स्वच्छ ‘सराफा’, आमचा इंदूरचा खाण्याचा बाजार. आणि मग, मी पुढचा चौकोन दाखवायच्या आत, ‘गराडू’. पंधरा मिनिटं लागली होती. ह्या एका कोऱ्या नमुन्याच्या आम्ही आजवर साठेक प्रती काढल्या असतील.

हातासाठी ‘ग्रास्प’ नावाची पुस्तिका थेरपिस्टनं दिली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात तयार झालेली आहे आणि मोफत उतरवता येते. हाताच्या ताकदीप्रमाणे पातळ्या आहेत, चित्रं मोठ्या माणसांची, साहित्य घरगुती: टॉवेल, कप, कपड्यांचे चिमटे. मी प्रत्येक चित्राखाली मराठीत लिहून घेतलं. त्याउलट रेघा गिरवायची पानं आम्ही महिनाभरात सोडली. थेरपिस्टनंच थंडीत मटार सोलायला बसवलं आणि त्या महिन्यात बोटं जितकी हलली तितकी गिरवण्यानं हलली नव्हती. कागद एका हातानं लिहिताना सरकतो, त्याला खणात अंथरायची रबरी जाळी खाली घाला.

एक गोष्ट मात्र कळकळीनं. गिळण्याच्या व्यायामांचे कागद कुणी पाठवले तर ते स्वतःच्या मनानं सुरू करू नका. आमच्याकडेही एक असा आला होता, मी छापलाही होता. ताईंनी थांबवलं. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय चुकीचा घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि पक्षाघाताच्या रुग्णाला त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. स्पीच थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे ना, हेही विचारा.

गुण द्यायचे तर विकतच्या संचांना पाचपैकी दीड, ‘आरासाक’ला चार, ‘ग्रास्प’ला साडेचार. मोठ्या माणसांसाठी, मराठी ध्वनींवर बेतलेला, आपल्या घरातल्या वस्तूंचा तयार संच कुणी केला तर मी पहिली प्रत घेईन.

सध्या सर्वांत जास्त वापरात आहे तो सर्वांत लहान कागद, खिशात मावेल एवढा. त्यावर हिंदीत आणि मराठीत तीन ओळी: मला पक्षाघात झाला होता. मला सगळं कळतं. बोलायला वेळ लागतो, थोडं थांबा. मागच्या रविवारी पोह्यांच्या दुकानात ह्यांनी तो काउंटरवर ठेवला. मुलानं वाचला, मागच्या गिऱ्हाइकाला हातानं थांबवलं, आणि ह्यांनी मागितलं: दोन पोहा, एक जलेबी, सेव जास्त.